पाच एमएल, पण कशाचे?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले होते. माझ्या औषधाच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं, आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीत पाऊस असा लागला होता की समोरच्या गल्लीतला दिवा दिसत नव्हता. तेवढ्यात एक तरुण आई वाकून आत आली. गिऱ्हाईक ओळखीचं. सकाळीच तापाच्या ड्रॉप्सची बाटली घेऊन गेली होती.

"काका, सकाळी नेलेले ड्रॉप्स. अजून तीन बाटल्या द्या."

"तीन? घरात कितीजणांना ताप आलाय?"

"एकट्यालाच ओ. दीड वर्षाचा हाय. पाच एमएल, दिवसातनं चारदा, तीन दिवस. साठ एमएल होतंय. बाटली पंधराची. मी हिशेब केलो की."

हिशेब चोख होता. चुकीची होती ती पहिलीच रक्कम. पाच एमएल कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर तिनं फोन पुढं केला. अमेरिकेतल्या एका मोठ्या बाल-रुग्णालयाचा तक्ता. वजनाप्रमाणे चौकटी, प्रत्येक चौकटीपुढं मात्रा. पोराचं वजन अकरा किलो. त्याचे पौंड करून तिनं बरोबर चौकट शोधली होती आणि त्या चौकटीत पाच एमएलच लिहिलेलं होतं. "हॉस्पिटलचंच हाय काका, कुणा यूट्यूबवाल्याचं न्हाई. मी मुद्दाम बघितलो."

तिकडं मुलांचं तापाचं सिरप पाच एमएलमध्ये १६० मिलिग्रॅम असतं. माझ्या हातातल्या ड्रॉप्समध्ये एका एमएललाच १०० मिलिग्रॅम. म्हणजे तिच्या हिशेबानं पोराला एका वेळी ५०० मिलिग्रॅम गेलं असतं. पॅरासिटामॉल किलोमागं १० ते १५ मिलिग्रॅम देतात, म्हणजे या पोराला जास्तीत जास्त १६५. तिप्पट डोस, दिवसातून चारदा, तीन दिवस. एखादी मात्रा चुकून जास्त गेली तर शरीर निभावून नेतं, पण अशी रांग लागली की यकृत बसतं. नशीब एवढंच, की एकही पाच एमएल अजून पोटात गेलं नव्हतं. बाटली पुरणार नाही म्हणून ती आधी दुकानात आली होती.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) ही गफलत अमेरिकेतही होत होती. तिथंही बाळांसाठी वेगळे, जास्त तीव्र ड्रॉप्स मिळायचे आणि आयाबापांचा गोंधळ व्हायचा. शेवटी २०११ साली तिथल्या कंपन्यांनी ते ड्रॉप्स काढून घेतले आणि बाळांना, मुलांना सगळ्यांना १६० चं एकच प्रमाण ठेवलं. आपल्याकडं मात्र एमएलला १०० चे ड्रॉप्स, पाच एमएलला १२० किंवा १२५ चं सिरप आणि पाच एमएलला २५० चं दुप्पट सिरप, हे सगळं माझ्या एकाच फळीवर शेजारी शेजारी उभं असतं. त्यात तिकडं या औषधाचं नावही पॅरासिटामॉल नाही, ॲसिटामिनोफेन. नाव वेगळं, प्रमाण वेगळं, वजनाचं मापही वेगळं. त्यातले दोन उंबरे ओलांडून ही बारावी शिकलेली पोरगी बरोबर चौकटीपर्यंत पोचली होती. तिला अडाणी म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

मी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. पिशवीतच होती. तिच्यावर दीड एमएल लिहिलेलं होतं. ते मला वाचता आलं, कारण सत्तावीस वर्षं मी हेच वाचत आलोय. तिला नुसती एक वेलांटी दिसत होती. "वाचायलाच येईना, म्हणून गूगल केलो," ती म्हणाली.

या वाक्यावर मी बरेच दिवस अडकून पडलो. मुलांच्या आजाराबद्दल इंटरनेटवर भरवशाचं कसं शोधावं, यावर आपल्याकडं जे काही बोललं जातं ते बहुतेक आईबापांना उद्देशून असतं. स्रोत तपासा, फॉरवर्डवर विश्वास ठेवू नका, मोठ्या संस्थेचंच वाचा. या बाईनं तिन्ही गोष्टी केल्या होत्या. स्रोत उत्तम, संस्था नामांकित, मजकुरात एक अक्षर खोटं नाही. आणि ती माहिती तिच्या पोराला इजा करणार होती. मग 'स्रोत तपासा' या सल्ल्याचं करायचं काय?

माझं म्हणणं असं, की लहान मुलांच्या बाबतीत माहिती खरी आहे का, हा प्रश्न अपुरा पडतो. ती कुणाच्या मुलासाठी लिहिली आहे आणि चुकली तर जाब कुणाला विचारायचा, हे दोन प्रश्न आधी यायला हवेत. आणि दुसरा प्रश्न आईबापांपेक्षा आपल्या इथल्या डॉक्टरांना, सरकारी खात्यांना आणि आम्हा औषधवाल्यांना जास्त झोंबणारा आहे.

पहिल्या प्रश्नाची उदाहरणं काउंटरवर रोज येतात. एक शिक्षक जोडपं आलं होतं. अमेरिकेत बीसीजी सरसकट देत नाहीत असं त्यांनी वाचलं होतं, मग आपल्याच मुलांना जन्मल्या जन्मल्या ते कशाला टोचतात? वाचलेलं खरं होतं. तिकडं क्षयरोग कमी, म्हणून तिथं गरज वाटत नाही. आपल्याकडं क्षय घराघरात पोचलेला, म्हणून इथं ती लस पहिल्याच दिवसांत देतात. लस तीच, देश दोन, आणि दोन्ही निर्णय बरोबर.

दुधाचं तर विचारूच नका. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी उभ्या करून समोर धार काढून दूध प्यायची आपली जुनी हौस. तालमीतला गडी पितोय, पिऊ दे. पण गेल्या दोन-तीन वर्षांत फोनवर कच्च्या दुधाचं माहात्म्य सांगणाऱ्या परदेशी रील्स फिरायला लागल्या आणि आमच्या लोकांना वाटलं, बघा, गोरे लोक पण आता आमच्याच वाटेवर आले! दोन वर्षांच्या नातवाला धारोष्ण पाजणारे आजोबा मला माहीत आहेत. ब्रुसेला, ई-कोलायसारखे जंतू, जनावरांचा क्षय, हे सगळं कच्च्या दुधातून येऊ शकतं आणि सगळ्यात आधी लहान मुलालाच धरतं. मजा अशी की याच आजोबांच्या घरात आजींनी आयुष्यभर दूध आलं की आधी तापवलं, मगच ते फडताळात ठेवलं. कट्ट्यावरची हौस वेगळी आणि घरातली रीत वेगळी, एवढं तारतम्य आपल्याकडं होतं. रीलनं त्यातली हौस उचलली आणि रीत टाकून दिली.

आता जाब विचारण्याचं बघू. १९९८ साली 'लान्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड यांचा लेख आला. फक्त १२ मुलांवरून त्यात गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला होता. नियतकालिक मोठं, लेखक डॉक्टर, म्हणजे आपल्या नेहमीच्या कसोटीवर शंभर नंबरी सोनं. पुढं ते खोटं ठरलं. २०१० साली लेख मागं घेतला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या यादीतून लेखकाचं नावही खोडलं गेलं. बारा वर्षं लागली, फार लागली. पण तिथं जाब विचारायला एक दार होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना लस द्यायची होती. तेव्हा व्हॉट्सॲपवर जे मजकूर फिरले त्यांना असं दार नव्हतं. माझ्या शेजारच्या घरात दोन पोरांना त्या दिवशी शाळेतच पाठवलं नाही. तो मजकूर कुणी लिहिला, कुणी मागं घेतला? कुणीच नाही. तो अजून कुठल्या तरी ग्रुपमध्ये जिवंत असेल.

शिक्क्यानं हे सुटेल असं काही लोकांना वाटलं होतं. जिनिव्हात १९९५ साली हेल्थ ऑन द नेट नावाची संस्था निघाली. आरोग्याच्या संकेतस्थळांना ती आठ नियमांवर तपासायची: लेखक कोण, तारीख काय, आधार काय, पैसा कुणाचा. पास झालं की 'हॉनकोड'चा शिक्का मिळायचा. कल्पना मला आवडायची. २०२२ च्या अखेरीस ती संस्था बंद झाली आणि शिक्का मारणारा हातच राहिला नाही.

आणि शिक्का म्हणावा तर आमच्या फळीवरच काय कमी आहेत! ओआरएस म्हणजे जुलाबात पाण्यात घालून पाजायची मीठ-साखरेची पुडी. ही तीन अक्षरं लिहिलेली गोड पेयं वर्षानुवर्षं मी विकली. कागदी डबा, वर फळाचं चित्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं आणि मीठ-पोटॅशियम-सायट्रेटचं प्रमाण ठरलेलं. या डब्यांत साखर त्याच्या कितीतरी पट. जुलाब होणाऱ्या पोराला जास्त साखर पाजली की आतड्यात पाणी आणखी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष आठ वर्षं यावर एकट्या भांडल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. त्या आठ वर्षांत मी काय करत होतो? गिऱ्हाईकानं 'ओआरएस द्या' म्हटलं की पुडी आणि डबा दोन्ही पुढं ठेवून 'कुठलं देऊ?' विचारत होतो. पोराला डबा आवडायचा, मला त्यात चार पैसे जास्त सुटायचे. म्हणून इंटरनेटला शिव्या देताना माझा आवाज फार चढत नाही.

आता एक नवीनच आहे. फोनला विचारलं की मशीन थेट मराठीत उत्तर देतं. व्याकरण स्वच्छ, सूर समजुतीचा, चिठ्ठीपेक्षा शंभरपट वाचनीय. बऱ्याचदा उत्तर बरोबरही असतं. पण खाली सही नसते, आणि तुमच्या हातात ड्रॉप्स आहेत की सिरप हे ते न विचारताही मात्रा सांगू शकतं. गोड बोलणाऱ्या, कधीही न थकणाऱ्या आणि उद्या ओळख न दाखवणाऱ्या माणसावर आपण एरवी किती भरवसा ठेवतो?

'मग डॉक्टरांनाच विचारा' हे उत्तर ऐकायला सोपं आहे. सोमवारी सकाळी कुठल्याही बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याबाहेर उभं राहून बघा. कागल, पन्हाळा, गगनबावड्याहून माणसं पहाटे निघून आलेली असतात. आत गेल्यावर दोन-तीन मिनिटं मिळतात आणि त्यात पोर रडत असतं. बाहेर आल्यावर शंका सुचतात. त्या शंका विचारायला रात्री हाताशी असतो तो फोनच. मेडिकल कौन्सिलनं २०१६ सालीच डॉक्टरांना सांगून ठेवलंय की औषधाचं नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा. लिहितात का, ते मला विचारू नका, मला याच गावात धंदा करायचाय. पण आईबाप इंटरनेटवर जातात ते चैन म्हणून नव्हे, जवळचं उत्तर लागत नाही म्हणून जातात, हे एकदा कबूल केलं की त्यांच्यावर डाफरणं थांबेल.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचं काय, असंही कुणी विचारेल. आजीची दृष्ट काढणं चालू दे, मीठ-मोहरीनं कुणाचं काही बिघडत नाही. गुटीबरोबर मध चाटवणं मात्र थांबायला हवं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम (अंग लुळं पाडणारी विषबाधा) होऊ शकतो आणि हे बहुतेक आज्यांना कुणी कधी सांगितलेलंच नाही. पण आजीचा एक गुण इंटरनेटकडं नाही. तिचा उपाय चुकला तर रात्रभर बाळ मांडीवर घेऊन तीच जागते.

भरवशाचं पान मला कसं ओळखू येतं, ते सांगतो. सगळ्यात आधी मी तारीख बघतो. निमेसुलाइड एके काळी मुलांच्या तापाला सर्रास जायचं, चांगले डॉक्टर लिहायचे, मी विकायचो. फेब्रुवारी २०११ मध्ये सरकारनं बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ते बंद केलं. त्याआधी लिहिलेलं पान कितीही विद्वानाचं असो, आज ते धोक्याचं. मग लेखकाचं नाव आणि पदवी. ऑगस्ट २०२३ पासून आरोग्यावर सल्ले देणाऱ्या प्रसिद्ध चेहऱ्यांनी आपली पात्रता उघड करावी असा ग्राहक व्यवहार खात्याचा दंडक आहे. तो किती पाळतात ते रील्स बघणाऱ्याला माहीत आहेच. पण माझी खरी कसोटी वेगळी आहे: ते पान तुम्हाला कधी वाचणं बंद करायला सांगतं? तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला तर पुढचं वाचू नका, दवाखान्यात न्या, असं जे स्पष्ट सांगतं त्याच्यावर माझा विश्वास बसतो. सगळं घरच्या घरी बरं करून देणारं पान मी लगेच बंद करतो. उंची वाढवायची पावडर विकणारं तर आधी. तसल्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानंच बंदी आहे.

चांगली माहिती कशी दिसते याचा एक नमुना महाराष्ट्रातच आहे आणि तो इंटरनेटच्या आधीचा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यापुढं प्रश्न होता, की अक्षरओळख नसलेल्या दाईनं बाळाचा न्यूमोनिया ओळखायचा कसा. शास्त्र सोपं आहे: बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले तर धोका. पण दहाच्या फार पुढं मोजता न येणाऱ्या बाईनं काय करावं? त्यांनी मण्यांचं साधं यंत्र केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वेळ संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं की उपचार सुरू. न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू कमी झाले, ते काम १९९० साली 'लान्सेट'मध्येच छापून आलं. शास्त्र जगाचं, मणी गडचिरोलीचे, आणि नाव ठाऊक असलेली माणसं दारात उभी. आपल्या फोनवरच्या कुठल्याही पानापेक्षा ते मणी मला जास्त भरवशाचे वाटतात.

मग कोल्हापूरचे मणी कुठं आहेत? इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं पालकांसाठी प्रश्नोत्तरांच्या मार्गदर्शिका काढल्यात, वर लेखक डॉक्टरांची नावंही घातलीत. मी त्या इंग्रजीत वाचल्या, उत्तम आहेत. पण माझ्या काउंटरवर येणाऱ्या आईला हवं असतं ते आणखी जवळचं. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यातून कावीळ पसरली, तेव्हा तिथल्या आईबापांना कुठलं पाणी प्यायचं आणि कुठलं नाही, हे जगातलं कुठलं संकेतस्थळ सांगणार होतं? सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडं खोकल्याच्या औषधातल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनानं मुलं दगावली. आपल्या एफडीएची, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची, सूचना नेमकी होती: कोल्ड्रिफ सिरप, बॅच एसआर-१३. ती सूचना आईबापांपर्यंत पोचेपर्यंत व्हॉट्सॲपवर वीस-पंचवीस सिरपांची यादी तयार झाली होती. कुणी दम्याच्या पोराचं चालू औषध गटारात ओतलं, तर कुणी 'आमचं नाव यादीत न्हाई' म्हणून दीड वर्षाच्या बाळाला खोकल्याचं औषध बिनघोर पाजत राहिलं. दोन वर्षांखालच्या मुलांना असली औषधं देऊच नयेत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं त्याच आठवड्यात सांगितलं होतं. ते दिल्लीहून निघालं, राजारामपुरीत आलं नाही.

मला हवंय ते मोठं काही नाही. सीपीआर हे इथलं सरकारी रुग्णालय, महापालिका, जिल्हा परिषद आणि शहरातले बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून मराठीत एक पान चालवावं, फोनवर उघडेल असं. ताप, जुलाब, खोकला, लसी. आपल्या दुकानात मिळणाऱ्या ड्रॉप्स-सिरपांच्या प्रमाणाप्रमाणे मात्रा, वजनाच्या तक्त्यासह. कुठल्या भागात सध्या कसली साथ आहे, कुठल्या औषधाची कुठली बॅच थांबवलीय. वर तारीख, खाली जबाबदार डॉक्टरचं नाव आणि उचलला जाणारा फोन. याच संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड ठेवला. त्या सक्तीच्या जोरावर आज त्या बापाची पणती फोनवर तक्ता वाचते. तिच्या हातात वाचायला द्यायचं तेवढं राहिलंय.

गेल्या हिवाळ्यात हेच सगळं कागदावर मांडून मी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. साहेबांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, मान डोलावली. तापाचा तक्ता त्यांना फार आवडला, त्यांची स्वतःची नात दोन वर्षांची आहे म्हणाले, फोटोही काढून घेतला. "करू की. एवढं काय अवघड न्हाई. फक्त खाली नाव कुणाचं घालायचं?"

"तुमचं घाला," मी म्हटलं.

साहेब हसले, आणि त्यांनी चहा मागवला.